आपोआप

दाराच्या मुठीला मिनलचा हात लागला आणि त्याच क्षणी आतून टक् असा आवाज झाला. मूठ वर उचलली गेली, पण दार आलं नाही. मग अर्ध्या उघड्या असलेल्या चारही काचा सावकाश वर चढायला लागल्या. मागच्या सीटवर पट्ट्यांत अडकवलेली पिंकी त्यांच्याकडे बघत होती. काच तिच्या हनुवटीवरून, नाकावरून, कपाळावरून सरकत वर गेली आणि रबरात जाऊन बसली. आतला चेहरा तोच होता, फक्त आता त्यावर थेरगावचा बाजार उमटला होता. केळ्यांची गाडी, औषधाच्या दुकानाची पाटी आणि मधोमध मिनल स्वतः, ओढणी खांद्यावरून घसरलेली. किल्ली पर्समध्ये होती. मोबाइलही पर्समध्येच. आणि पर्स ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तोंड मिटून नीट बसली होती, घरी आलेल्या पाहुणीसारखी.

तसं बघायला गेलं तर काहीच झालं नाही. मंगळवारपासून ती स्वतःला हेच सांगत होती. गाडी बंद करायची, किल्ली पर्समध्ये टाकायची, उतरून दार लावायचं, वळसा घालून पलीकडून पिंकीला काढायचं, मग पर्स उचलायची, हे तिचं रोजचं होतं आणि रोज ती वेळेत पोचत होती. त्या दिवशी सिलिंडरचा टेम्पो इतका खेटून आला की तिला बॉनेटला चिकटून उभं राहावं लागलं. टेम्पोमागून रिक्षा, रिक्षामागून दुचाक्या. तेवढ्यात गाडीनं ठरवून टाकलं की बाई गेली, विसरली, आता आपणच कुलूप लावून घ्यावं. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. आपण हसत होतो हे आठवायचं. पिंकी घाबरू नये म्हणून ती काचेला नाक लावून हसत होती आणि पिंकीला वाटलं, हा लपाछपीचा खेळ आहे. ती दोन्ही हातांनी डोळे झाकायची, उघडायची, हसायची. तिचा आवाज येत नव्हता. केळीवाली म्हणाली की किल्ली आत राहिली वाटतं. कुणी पट्टी घालून बघा म्हणालं, कुणी आता पट्टीबिट्टी चालत नाही राव म्हणालं, कुणीतरी मोबाइल वर धरला. पिंकीच्या कपाळावरचे केस चिकटायला लागले होते. पंक्चरच्या दुकानातला एक माणूस लोखंडी पाना घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "लेकरापासून लांबची काच घेतो, ताई. फोडू का?"

ह्या जागेवर आलं की मिनलचा विचार अडायचा. तो माणूस पाना धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. सगळा बाजार बघत होता. आणि तिच्या तोंडून 'फोडा' एवढा एक शब्द निघेना. घशात तयार होता, पण त्याच्या आधी दुसरंच काही येऊन बसलं होतं. संध्याकाळ, कंपनीच्या बसमधून उतरलेला धम्मरत्न, फुटलेली काच, त्याचं खाली वाकून बघणं, आणि मग न रागावता, अगदी हळू आवाजात विचारलेलं 'का?' काचेपलीकडे पोटची पोर घामानं भिजत असताना आपल्याला आधी नवऱ्याचा प्रश्न ऐकू आला, हे तिला पचत नव्हतं. ती बोलणार, अजून एका श्वासात नक्की बोलणार होती, आणि तेवढ्यात पुन्हा टक् झालं. चारही दारांची बटणं एकदम वर आली. कुणी काही केलं नव्हतं. लोक हसले. पानेवाला "घ्या, नुसतं भ्या दाखवलं गाडीनं" म्हणत परत गेला. मिनलनं पिंकीला बाहेर ओढून मानेशी धरलं. तिच्या केसांना तापलेल्या रेक्झिनचा वास येत होता. औषध घ्यायचं राहूनच गेलं.

धम्मरत्न कुरुळीजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तपासायच्या लाइनवर होता. डिप्लोमा झालेला, हातानं हुशार, आणि गाडी त्याचा जीव. जुनीच घेतलेली, सगळ्यांत साधं मॉडेल, काचाही हातानं फिरवायच्या. पण घेतली त्याच महिन्यात त्यानं तिला आतून उलगडायला सुरुवात केली. गुरुवारची सुट्टी आली की पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरायची, दारांचे आतले पत्रे काढून ठेवायचे, तोंडात टॉर्च धरून वायरी ओढायच्या. हातानं फिरवायच्या काचांना मोटरी आल्या, दारांना रिमोट आला. पिंकीसाठी मागे छोटा पंखा आला. पहिल्या पहिल्यांदा मिनलला ते आवडायचं. पंख्याचं बटण त्यानं तिच्या हाताच्या लांबीचं माप घेऊन बसवलं होतं, मान न वळवता लागेल असं. कुणी आपल्या हाताचं माप घ्यावं, ह्यात काहीतरी होतं.

ते कधी बदललं हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. पिंकी झाल्यावर तिला विसरायला व्हायला लागलं. आधी ती अशी नव्हती. मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेली, लग्नाआधी भोसरीच्या एका लॅबमध्ये नोकरी केलेली, तिथं एकसारख्या दिसणाऱ्या नळ्यांमधली एकसुद्धा तिनं कधी इकडची तिकडे केली नव्हती. आता झोप अशी नव्हतीच, नुसती ग्लानी होती, आणि त्या ग्लानीत दूध उतू जायचं, नळ चालू राहायचा. एकदा गाडीचे दिवे चालू राहिले आणि बॅटरी उतरली. धम्मरत्न रागावला नाही. पुढच्या गुरुवारी दिवे चालू ठेवून दार उघडलं की किरकिरणारा भोंगा बसला. एकदा पावसात काच उघडी राहून सीट भिजली. गाडी बंद करून उतरलं की काचा आपोआप वर जायला लागल्या. एकदा रात्रभर दारं उघडी राहिली. मग दारंही आपोआप लागायला लागली. "आमच्याकडे माणसाला दोष देत नाहीत," तो समजावून सांगायचा, "माणूस चुकणारच. चूक करताच येणार नाही अशी जागा करायची." त्यामागं किती माया होती हे तिला कळत होतं. पण गाडीत बसलं की तिला त्या वायरी पत्र्याआड दिसायच्या. ही दिव्यांची, ही पावसाची, ही त्या रात्रीची. बाकीच्यांना त्या गाडीत सोय दिसायची. मिनलला तिथं आपलं एकेक विसरणं काळी पट्टी गुंडाळून ठेवलेलं दिसायचं.

आणि ते 'का'. काही बिघडलं की एकामागून एक का विचारत जायचं, खालचं मूळ कारण लागेपर्यंत थांबायचं नाही, ही त्यांच्या कंपनीची पद्धत. व्हाय-व्हाय म्हणतात तिला. लग्नानंतर तो ते घरातही करायचा तेव्हा मिनल हसायची, घरात कावळा पाळलाय म्हणायची. दूध का उतू गेलं. लक्ष नव्हतं म्हणून. लक्ष का नव्हतं. पिंकी रडत होती. का रडत होती. भूक लागली होती. आधी का नाही पाजलं. झोप लागली होती. असं खाली खाली जाताना तळाला नेहमी मिनलच सापडायची. तो तिला तिथून अलगद उचलायचा, बाजूला ठेवायचा आणि त्या जागी काहीतरी यंत्र बसवायचा.

दापोडीला तिच्या माहेरी दाराला दिवसा कडीसुद्धा नसायची. रुळांच्या अलीकडची गल्ली, समोरासमोर दारं. तिची आई चार घरची धुणी करून यायची आणि वडील, भीमराज, कंपनीच्या तिन्ही पाळ्यांत फिरायचे. मिनल कुणाकडे जेवली, कुणाच्या ओट्यावर झोपली, हे आईला संध्याकाळी गल्लीतून कळायचं. एकदा ती रुळांकडे चालत गेली होती तेव्हा दळण घेऊन येणाऱ्या कुठल्याशा बाईनं पिठाचा डबा खाली ठेवून तिला दंडाला धरून परत आणलं होतं, दोन धपाटे घालून. आई विसरली म्हणून त्या गल्लीत काही अडत नव्हतं. एकीचं विसरणं दुसरीच्या लक्षात असायचं. थेरगावच्या ह्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मिनल दार लावून बसायची आणि पिंकीवर तिच्याशिवाय कुणाचेच डोळे नव्हते. तिला वाटायचं, माणसाला इतका वेळ इतकं जागं राहता येतं का? आणि नाही येत, हे कबूल करावं तर त्याची वायर होते.

म्हणून तिनं मंगळवारी त्याला काही सांगितलं नाही. बुधवारीही नाही. सांगितलं तर काय होईल हे तिला पाठ होतं. तो जे आहे ते काढणार नाही, त्यात भर घालील. ती मात्र गाडीला हात लावेनाशी झाली. पिंकीला कडेवर घेऊन उन्हातून चालत जाऊन औषध आणलं. पार्किंगमधून जाताना गाडीकडे बघायचं टाळायची, आणि टाळता टाळता बघायची. बुधवारी संध्याकाळी घरमालक यशवंतराव वर आले. थेरगावच्या जुन्या घरांपैकी, जिथं ऊस होता तिथं आता इमारती असलेले, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ते सोफ्याच्या कडेला टेकले आणि धम्मरत्नला म्हणाले की आमच्या रविराजनं नवी गाडी घेतलीय, तिलाही तुमच्या गाडीवानी करून द्या. त्यांच्या सुनेला, अपेक्षाला, बाळ झाल्यापासनं लय इसरायची सवय लागलीया. पोरगं गाडीत आन् ध्यान भलतीकडं. समदं आपोआप व्हईल असं बघा. धम्मरत्नच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, जो मिनलनं खूप दिवसांत पाहिला नव्हता. कंपनीत दिवसभर तो दुसऱ्यांनी जोडलेल्या वायरी तपासायचा. त्यानं स्वतः जोडलेलं कुणी मागितलं, हे पहिल्यांदाच. त्यानं लगेच उद्याचीच वेळ दिली. मिनल चहाचे कप उचलायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकलेली राहिली. अपेक्षाचं बाळ अजून बसतही नव्हतं. त्याला डोळे झाकून हसतासुद्धा आलं नसतं.

रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि गुरुवारी दुपारी, पिंकीला कडेवर घेऊन, खाली गेली. चादर अंथरलेली होती. रविराजची पांढरी मोठी गाडी शेजारी लावलेली, आणि कशी वायर न्यायची ते दाखवायला धम्मरत्ननं आपल्या गाडीचा स्टिअरिंगखालचा पत्रा उघडून ठेवलेला. आतून रंगीबेरंगी जुडगा बाहेर लोंबत होता. आप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कौतुकानं बघत होते. अपेक्षा जिन्याच्या पायरीवर, बाळ खांद्यावर टाकून, एका लयीत त्याच्या पाठीवर थोपटत होती आणि तिची नजर कशावरच नव्हती. मिनलनं ती नजर ओळखली. आरशात रोज तीच असायची. तिनं पिंकीला अपेक्षाशेजारी बसवलं.

"हे त्यांच्या गाडीत बसवू नका," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची, एकटं असताना तू.

धम्मरत्ननं वर न बघता विचारलं, "का?"

"मंगळवारी पिंकी आत अडकली होती."

त्याचा हात जुडग्यातच थांबला. आप्पा खुर्चीत पुढे सरकले. तो चादरीवरून उठला, हात पँटला पुसले, पिंकीकडे एकदा बघून घेतलं आणि मग तो नेहमीचा हळू आवाज. किल्ली कुठे होती. पर्समध्ये, आत. पर्स का राहिली. पिंकीला काढायला दोन्ही हात लागतात म्हणून. आधी पिंकीला काढून मग दार का नाही लावलंस. रस्त्याच्या बाजूचं दार उघडं ठेवता येत नाही म्हणून. पलीकडे जायला वेळ का लागला. टेम्पो आला. मिनल एकेक पायरी उतरत होती. ह्या वेळी तिला कुठे जायचं आहे ते माहीत होतं.

"मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू अजून एक वायर टाकली असतीस म्हणून."

अहो-जाहो गळून पडलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. धम्मरत्ननं मान हलवली. बरोबरच आहे, टाकायलाच पाहिजे, तो म्हणाला. पिंकीच्या सीटखाली वजन कळणारा एक सेन्सर टाकला की झालं, वजन असेल तोवर दार लागणारच नाही. हे मलाच आधी सुचायला हवं होतं. बोलता बोलता त्याचं बोट हवेत वायरीचा रस्ता आखायला लागलं होतं. आप्पाही म्हणाले, "पोरगी सुखरूप हाय नव्हं? मग झालं की. आता ते बी बसवा, आमच्या गाडीला बी."

"दारं का लागली ते विचारलंस," मिनल म्हणाली. "का उघडली, ते नाही विचारलंस."

"कुणीतरी उघडली असतील ना."

"कुणी हात लावला नव्हता. आपोआप उघडली."

"पर्समध्ये रिमोट दाबला गेला असेल."

"मी पर्सकडेच बघत होते. ती हललीसुद्धा नाही. का उघडली, सांग."

हवेतलं बोट खाली आलं. तो परत चादरीवर बसला, पत्र्याआड डोकं घातलं, टॉर्च लावला. एक वायर ओढून बघितली, सोडली, दुसरी ओढली. त्याच्या मानेवरची शीर मिनलला दिसत होती. तो बराच वेळ तसाच होता. कंपनीत आपोआप गेलेला दोष हा सगळ्यांत वाईट धरतात, हे त्यानंच कधीतरी जेवताना सांगितलं होतं, कारण तो गेलेला नसतो. ते आत्ता त्याच्या डोक्यात आलं असणार हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं. तिला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. जत्रेत हरवलेल्या माणसाकडे बघावं तसं वाटलं.

मग तो उठला. रिमोटची किल्ली तिच्या हातात दिली. "मी सांगेपर्यंत दाबू नकोस," एवढंच म्हणाला. गाडी त्याआधी त्यानं एकदा सुरू करून बंद केली होती. आता ड्रायव्हरचं दार तिला लावायला सांगितलं, आणि मागचं दार ओढून घेऊन पिंकीच्या सीटशेजारी अंग चोरून बसला. मागच्या दारांना आतून न उघडणारं लहान मुलांचं लॉक होतं. तेही त्यानंच लावलेलं. मिनलनं ड्रायव्हरचं दार लावलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग टक् झालं, आणि काचा वर गेल्या.

ते वाट बघत राहिले. तो आत, ती बाहेर. पार्किंगचा पत्रा दुपारभर तापलेला होता आणि गाडी त्याच्याखाली. त्यानं एकदा तोंड हलवून काहीतरी म्हटलं, तिला ऐकू आलं नाही, तिनं मान हलवली तर त्यानंही नाही अशी मान हलवली. तो टक् आवाजाची वाट बघत होता. त्याचं सगळं लक्ष दाराच्या बटणावर होतं, जसं लाइनवर असेल. हळूहळू ते तिथून सुटलं. कपाळावर घाम आला, तो त्यानं बाहीनं पुसला, पुन्हा आला. त्यानं पिंकीच्या सीटकडे बघितलं, तिच्या पट्ट्यांकडे, मग पुढच्या सीटकडे, पर्स असते तिथं. हात पुढे करून बघितला. त्याच्या जागेवरून तो पोचत होता. मग तो वाकून पिंकीच्या उंचीला आला आणि तिथून हात केला. नाही पोचला. तो तसाच वाकलेला राहिला आणि त्या उंचीवरून त्यानं काचेतून वर, मिनलच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या हातातली किल्ली ओली झाली होती. बोट बटणावर होतं. आप्पा मागून म्हणाले, "अगं दाब की पोरी, बास झालं." तिनं दाबलं नाही. तो सांगेपर्यंत नाही, असं त्यानंच सांगितलं होतं, आणि शिवाय तिला घाई नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला आपलीच थोडी भीती वाटली. गाडी काही आपोआप उघडली नाही. शेवटी त्यानं दाब अशी मान हलवली. तिनं बटण दाबलं आणि मागचं दार बाहेरून उघडलं.

दार उघडलं तरी तो लगेच बाहेर आला नाही. आतून गरम वाफ आली. मिनल दाराशी उभी राहिली, मग थकून त्याच्याशेजारी, पाय बाहेर सोडून, सीटच्या कडेवर बसली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. अपेक्षा पायरीवरून बघत होती, थोपटायचं विसरून.

"मग आमच्या गाडीचं कसं?" आप्पांनी विचारलं.

"नको, आप्पा," धम्मरत्न म्हणाला. "तुमच्या गाडीला नको." आणि जरा थांबून, फक्त मिनलला ऐकू जाईल अशा आवाजात, "ह्यातलं पण काढतो."

"सगळं?"

"कुठून होतंय ते सापडत नाही. एक काढून चालणार नाही." त्यानं डोळ्यांतला घाम पुसला. "वेळ लागेल. आज निम्मं होईल."

तो उतरला आणि चादरीवर जाऊन बसला. त्यानं कटर उचलला, पहिली वायर हातात घेतली, आणि ती कशासाठी घातली होती ते आठवत असल्यासारखा थोडा वेळ धरून ठेवली. आप्पा कुरकुरत खुर्ची उचलून निघून गेले. मिनलला बोलून दाखवावंसं वाटलं की पंखा राहू दे. ती बोलली नाही. मागच्या सीटवर, उघड्या दारात बसून तिनं डोकं मागे टेकलं. कटरचा बारीक आवाज येत होता. आता किरकिरणारं, वर जाणारं, लागणारं काही उरणार नव्हतं. उद्यापासून सगळं तिलाच लक्षात ठेवायचं होतं आणि त्याची तयारी तिच्या डोक्यात आपली आपण सुरूही झाली होती. दिवे. काचा. दारं. आणखी एक काहीतरी होतं. ते आठवेपर्यंत ती पायरीवरच्या पिंकीकडे बघत राहिली.